एका किल्लीवर सहा पाहुणे

तिसऱ्या मजल्यावरच्या डावीकडच्या खिडकीला बारा तावदाने होती आणि एकातही काच नव्हती. दगडी भिंतीवर काळा रंग, त्यावर पांढऱ्या पट्ट्या. वरून दुसरी आडवी पट्टी रंगाऱ्याने बाकीच्यांपेक्षा अर्धा इंच जाड ओढली होती. हे सहसा कोणाच्या लक्षात येत नसे. उना डॅल्ग्लीशच्या आले होते, नऊ वर्षांपूर्वी, आणि तेव्हापासून दर शनिवारी शहर दाखवायला नेताना ती आपल्या मंडळींना नेमकी इथे उभी करत असे.

"ही खिडकी खोटी का, सांगा बरं."

"खिडक्यांवरचा कर चुकवायला!" मागून आवाज आला.

दहाही जणांनी माना वळवल्या. मागे आर्ची लम्सडेन साळसूद चेहऱ्याने उभा होता. तो दर शनिवारी यायचा आणि दर शनिवारी हेच चुकीचे उत्तर द्यायचा.

"अख्खं एडिंबरा हेच सांगतं," उना म्हणाली. "भिंतीच्या आत धुराडं आहे, म्हणून खरी खिडकी ठेवता येईना. पण अडीचशे वर्षांपूर्वीच्या त्या माणसांना मापाचं वेड. उजवीकडे तीन, तर डावीकडेही तीनच हव्यात! मग ही रंगवली."

"म्हणजे नुसता दिखावा," ग्लासगोहून आलेली शीना म्हणाली. "एडिंबराच शेवटी! पाहुणा दारात आला की विचारतात, 'चहा घेऊनच आला असाल ना?'"

सगळे खो खो हसले. सर्वात मोठ्याने आर्ची.

दोन वर्षांपूर्वी नववर्षाच्या सकाळी, रिवाजाप्रमाणे कोळशाचा तुकडा घेऊन, तो उनाच्या घरात पहिला पाहुणा म्हणून आला होता. कोळसा ठेवला आणि लग्नाचे विचारले. उनाची एकतीस वर्षे रसायनांच्या प्रयोगशाळेत गेली होती. तीनदा पडताळल्याशिवाय तिने कुठलाही निष्कर्ष वहीत उतरवला नव्हता. "विचार करते," ती म्हणाली. त्याने पुन्हा विचारले नाही. तो आवडत नव्हता असे नाही. पण लीथ भागातल्या तिच्या घरात कपासाठी एकच खुंटी होती, आणि दुसरी कुठे ठोकायची हे तिला ठरवता येत नव्हते.

उतारावरून खाली जाताना तो तिच्या बाजूला आला.

"मुलीचा फोन होता, न्यूझीलंडहून. म्हणते, बाबा, घर विका आणि कायमचे इकडे या. सोमवारी कळवायचंय."

"मग?"

"मग काय. राहायला कारण असेल तर नाही म्हणेन."

उनाने समोर पाहिले. "सांभाळ, पायरी आहे," एवढेच तिच्या तोंडून निघाले.

खाली कमानदार गल्लीपुढे बाग होती. लोखंडी कठड्याच्या आतली, कुलूपबंद. किल्ली फक्त त्या गल्लीतल्या घरांना, आणि आर्चीचे घर त्यातलेच एक. आर्चीने उनाला कितीदा तरी आत बोलावले होते. पण पाहुणी म्हणून जायला ती संकोचायची. नऊ वर्षे ती ही बाग गजांमधूनच समजावून सांगत आली होती. आज आर्चीने खिशातून किल्ली काढली आणि फाटक सताड उघडले.

"चला सगळे. मी आहे तोवर बघून घ्या."

आत निळ्या फुलांचा नुसता सडा होता. शीनाने बूट काढून गवतावर पाय टेकले आणि "अगं आई गं!" म्हणून किंचाळली. उना तळ्यापाशी थबकली. मग ती कडेने चालू लागली, पावले मोजत. लांबी बावीस, रुंदी सोळा.

"हे तर लांबट आहे!" ती ओरडली. "नऊ वर्षं मी गोल सांगतेय!"

"मला माहीत होतं," आर्ची म्हणाला.

"मग बोलला का नाहीस, शहाण्या?"

"तू इतक्या खात्रीने सांगायचीस! ऐकायला बरं वाटायचं."

उना हसत सुटली, कठड्याला धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

तेवढ्यात बाग समितीच्या अध्यक्ष मिसेस कार्स्टेअर्स कुत्र्याला घेऊन आल्या. त्यांनी आर्चीला सोडून बोटाने माणसे मोजली.

"अकरा. मिस्टर लम्सडेन, नियम चौदा. एका किल्लीवर सहा पाहुणे. पाच जणांना बाहेर जावं लागेल."

"एकच दिवस हो, बाई," आर्ची अजिजीने म्हणाला.

"एक दिवस म्हणता म्हणता कबुतरंसुद्धा सभासदत्व मागतील. घराला दोन किल्ल्या असतात, एक नवऱ्याची, एक बायकोची. तुमची दुसरी चार वर्षं नुसती पडून आहे, त्याला मी काय करू?"

शीना मुकाट्याने बूट शोधू लागली. आर्चीने खांदे उडवले आणि फाटकाकडे वळला. त्याची पाठ थोडी वाकली होती. उनाने ती आजवर कधी पाहिली नव्हती, कारण तो नेहमी तिच्या मागेच असायचा.

"थांब, आर्ची," ती म्हणाली. "शीना, बूट राहू द्या. मिसेस कार्स्टेअर्स, तुमचा हिशोब चुकलाय. पाहुणे दहा आहेत. सहा त्याच्या किल्लीवर, चार माझ्या."

"तुमच्या? तुम्ही कोण?"

उनाने घसा खाकरला. आपल्या मंडळींना सांगावे तसे, शेवटच्या माणसाला ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, "मी याच्याशी लग्न करतेय."