खुराड्यातल्या दांडीची कबुली

मित्रांनो, मी एक जुनी दांडी आहे. परसातल्या खुराड्यात, जमिनीपासून दोन हातांवर, मी आडवी बसवलेली आहे. दिवस मावळला की कोंबड्या माझ्यावर येऊन बसतात आणि उजाडले की उतरून जातात. सांगण्यासारखी माझ्याजवळ एकच गोष्ट आहे, आणि ती माझ्याच दोषाची आहे.

पूर्वी मी एका पलंगाची पट्टी होते. पलंग मोडला तेव्हा या घरच्या म्हाताऱ्या सुताराने मला उचलले. त्याने कामधंदा सोडला होता, पण हात स्वस्थ बसत नव्हते. त्याने माझ्यावर रंधा फिरवला, कडा गोल केल्या, टोके खाचांत घट्ट बसवली आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांना बोलावून खुराडे दाखवले. "माझ्या हातचं काम आहे. मी जाईन, पण हे हलायचं नाही," असे तो म्हणे. तेव्हा मला मूठभर मांस चढले होते.

सुताराची सून घरीच कपडे शिवायची. एकदा माहेराहून येताना तिने पिशवीतून एक काळी कोंबडी आणली. कोंबडी मोठी तोऱ्याची. माझ्यावरची मधली जागा तिलाच हवी असे. शेजारणीला चोच मारल्याशिवाय तिला झोप येत नसे. म्हणून घरात तिचे नाव पडले मुकादमीण.

पुढे काही वर्षांनी, एका उन्हाळ्यात, कोंबड्यांची पिसे गळू लागली. पाठी उघड्या पडल्या, छातीची गुलाबी कातडी दिसू लागली, अंडीही कमी झाली. सुतार स्टूल टाकून खुराड्यासमोर बसला. तासाभरात मुकादमिणीने एकीला टोचले.

"सापडला चोर," तो म्हणाला. "तुझ्या माहेरची पाहुणी सगळ्यांची पिसं उपटतेय. रविवारी खाटकाला देऊन टाकू."

सुनेचा चेहरा उतरला. सासऱ्यांपुढे ती सहसा बोलत नसे. त्या दिवशी बोलली.

"टोचते ती, बाबा, नाही कुठे म्हणतेय? पण तिचीही छाती उघडी पडलीय. तिला कोण टोचणार?"

"बाकीच्या उट्टं काढत असतील."

"मग तीन आठवडे मी तिला वेगळी ठेवते. बाकीच्यांना पिसं फुटली, तर तुम्ही म्हणाल तसं."

सुताराने मान डोलावली.

मित्रांनो, खरा चोर मला माहीत होता. माझ्या खालच्या बाजूला भेगा पडल्या होत्या आणि त्यांत खसखशीपेक्षा बारीक किडे राहत होते. दिवसा ते दडून बसत. अंधार पडला की कोंबड्यांच्या पायांवरून वर चढत, रक्त पीत आणि तांबडे होऊन परत येत. खाजेने बेजार झालेल्या कोंबड्या स्वतःचीच पिसे ओढत. मला हे सारे कळत होते, पण लाकडाला वाचा कुठली?

मुकादमीण शिवणाच्या खोलीत, कापड बेतायच्या टेबलाखाली, टोपलीत राहू लागली. तिसऱ्या आठवड्यात तिच्या छातीवर पिसांचे कोंब फुटले. माझ्यावर बसणाऱ्या मात्र आणखी बोडक्या झाल्या. त्यांचे तुरे धुऊन विटलेल्या कापडासारखे फिके दिसू लागले. एक कोंबडी तर संध्याकाळी खुराड्यात यायलाच तयार नसे. तिला रोज झाडावरून उतरवावे लागे.

"ही खुराड्यात यायला का भितेय?" सून स्वतःशीच पुटपुटली.

दुसऱ्या दिवशी दुपारी, खुराडे रिकामे असताना, ती पांढऱ्या कापडाची चिंधी घेऊन आत वाकली. चिंधी माझ्या खालून तिने या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढली. चिंधीवर तांबडे फराटे उमटले आणि त्यांत बारीक ठिपके वळवळू लागले.

ती लगेच सासऱ्यांकडे गेली नाही. खुराडे त्यांच्या हातचे होते, आणि त्यांच्या कामाला नाव ठेवणे म्हणजे काय, हे ती जाणून होती. शेवटी गेलीच.

"बाबा, जरा चष्मा लावून हे बघता?"

सुताराने पाहिले. तो खुराड्याशी आला आणि त्याने माझ्या खालून नख फिरवले. नखाचे टोक भेगेत अडकले.

"वरून तासली होती," तो हळूच म्हणाला. "खालून कोण बघतंय, म्हणून तशीच ठेवली. आळ मात्र तुझ्या कोंबडीवर घेतला."

"सापडलं ना आता," सून म्हणाली. "मी पाणी उकळायला ठेवते."

त्यांनी मला बाहेर काढले. माझ्यावर उकळते पाणी ओतले. सुताराने माझी खालची बाजू तासली, भेगा बुजवल्या, तेल चोळले. खुराडेही धुऊन उन्हात तापवले. किड्यांची अंडी मागे राहतात, म्हणून आठवड्याने हे सारे पुन्हा केले. मी बोटभर बारीक झाले, पण हलकी झाले.

दोन महिन्यांत कोंबड्या पिसांनी भरल्या. मुकादमीण परत आली आणि पहिल्याच संध्याकाळी शेजारणीला टोचून तिने मधली जागा घेतली. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, हेच खरे. सुतार हसला, पण तिला बोल लावला नाही. आता दर रविवारी तोच चिंधी मागून घेतो आणि दुखऱ्या गुडघ्यांनी माझ्याखाली वाकतो.

मित्रांनो, भांडखोरावर खापर फोडायला वेळ लागत नाही. खरे कारण शोधायला मात्र वाकावे लागते. तुमच्या परसात कोंबड्या असतील, तर आज एवढे करा, त्यांची दांडी उलटी करून बघा.