धरलेली जागा

वडवणीच्या एसटी स्टँडवर, पिंपळाखाली, दत्ताचं हातभर देऊळ आहे. पहाटे तिथं सडा घालायचा, उदबत्ती लावायची आणि पारावरचे दोन रांजण काठोकाठ भरायचे, हा मंजुळाबाईचा रोजचा नेम. उतारू कुठला, कोणाचा, हे न विचारता पाणी द्यायचं. बीडच्या दवाखान्याला निघालेली म्हातारी माणसं, पास काढून कॉलेजला जाणाऱ्या पोरी, टोपलीवर ओलं फडकं टाकून आलेली चाँदबी पेरूवाली, सगळ्यांनी त्या रांजणाचं पाणी प्यालेलं. नेमाचा दुसरा भाग असा, की तोंडातून कुणासाठी वाईट शब्द काढायचा नाही. "मंजुळाबाई जिभेवर तुळस ठेवून बोलती," असं गल्लीतल्या बायका म्हणायच्या.

जिभेला नेम होता, मनाला नव्हता. मनात अकरा वर्षं एक माणूस ठाण मांडून बसला होता, आणि तिला त्या माणसाला एकदा उभं करायचं होतं.

आप्पाराव मुकादम. ऊसतोडीच्या टोळ्या घेऊन जायचा. अर्ध्या तालुक्यानं त्याच्याकडून उचल घेतलेली, त्यामुळं त्याच्यापुढं कुणाची मान वर व्हायची नाही. एसटी फलाटाला लागली की तो खिडकीतून आपलं लाल काठाचं उपरणं पुढच्या जागेवर भिरकावायचा आणि निवांत चहाला जायचा. रुमाल टाकून जागा तर सगळेच धरतात. पण आप्पारावचं उपरणं म्हणजे दगडावरची रेघ. गाडी कितीही भरू दे, त्या जागेवर माशी बसायची नाही.

दिपाली बसली होती.

मंजुळाबाईची ही एकुलती लेक बाळंतपणाला माहेरी आलेली, सातवा महिना. पहाटे पोटात कळा निघाल्या. बीडच्या डॉक्टरीणबाई फोनवर म्हणाल्या, असाल तशा निघा. मायलेकी स्टँडवर आल्या तेव्हा मुक्कामी गाडी उभी होती, गच्च भरलेली. उपरण्याची तेवढी एक जागा रिकामी. आप्पाराव चहा पिऊन आला आणि म्हणाला, "उपरणं दिसत न्हाई का?" दिपाली म्हणाली, "आप्पा, पोटात लई दुखायलंय." तो म्हणाला, "बायांची नाटकं. ऊठ." ती उठली. गाडीतला एक माणूस बोलला नाही. घाटसावळीच्या स्टँडवर गाडी थांबेपर्यंत दिपालीचं लुगडं भिजलं होतं. मुलगा होता. पुढं कूस उजवली नाही, आणि वर्षा-दोन वर्षांत सासरच्यांनी तिला परत आणून घातलं. आता ती घरी शिलाई करते. बोलायचं तेवढंच बोलते.

पुढची किती तरी वर्षं आप्पाराव एसटीत चढलाच नाही. त्यानं जीप घेतली होती. यंदा पोरांनी वाटण्या केल्या, जीप थोरल्यानं नेली, आणि गुडघे गेल्यामुळं म्हातारा दर सोमवारी शेक घ्यायला मुक्कामी गाडीनं बीडला जायला लागला. पहिल्याच सोमवारी तो पारावर आला. मंजुळाबाईनं तांब्या भरून दिला. नेम तो नेम.

"गार हाय पाणी," मिशा पुसत तो म्हणाला. "लई पुण्य जोडायलीस बाई."

"वळखलं का मला, आप्पा?"

"स्टँडावर काय कमी मानसं येत्यात? कुनाकुनाला ध्यानात ठेवू?"

तो खुशाल निघून गेला. मंजुळाबाईनं तांब्या घासला, राखेनं पुन्हा घासला. त्याला पश्चात्ताप नसेल, हे तिनं धरलंच होतं. पण त्याला आठवणसुद्धा नव्हती! त्या दिवशी तिनं दत्तापुढं हात जोडले आणि एवढंच मागितलं: हा माणूस एकदा बीडपर्यंत उभा राहू दे. ह्याच गाडीत.

घरी येऊन तिनं ट्रंकेतून हिरवं लुगडं काढलं. दिपालीच्या डोहाळजेवणाचं. "ह्याचे रुमाल शीव," ती म्हणाली. दिपालीनं लुगड्यावरून हात फिरवला, आईच्या तोंडाकडं बघितलं, आणि का म्हणून न विचारता कात्री घेतली.

श्रावणाच्या दुसऱ्या सोमवारी भजनी मंडळाच्या बायका कंकालेश्वराच्या दर्शनाला बीडला निघाल्या. हाफ तिकीट झाल्यापासून बायकांना आग्रह करावा लागत नाही. जावा, नणंदा, शेजारणी, गल्लीच निघाली, दिपालीसुद्धा. मंजुळाबाईनं एकेकीच्या हातात हिरवा रुमाल वाण म्हणून ठेवला आणि हळूच सांगितलं, "जागा धरायची. आप्पा मुकादम आला तर कुनी उठायचं न्हाई." कुणी कारण विचारलं नाही. ज्यांच्या नवऱ्यांनी मुकादमाच्या हाताखाली फड तोडले होते, त्यांना कारण सांगावं लागत नव्हतं.

मुक्कामी गाडीचा कंडक्टर इरशाद गाडीतच झोपायचा. मंजुळाबाईनं रोजच्यासारखा त्याला चहा दिला आणि दार जरा लवकर उघडून घेतलं. तोंड धुऊन तो परत आला तो दारातच थबकला.

"मावशी, हे काय? सगळ्या शिटांवर हिरवे रुमाल! गाडीचं डोहाळजेवण हाय का काय आज?"

मंजुळाबाईनं किटली उचलली. "तसंच समज, बाबा."

आप्पाराव काठी टेकत आला. सवयीनं खिडकीतून उपरणं आत टाकलं. आतून भजनी मंडळातल्या वच्छलाबाईनं त्याची नीट घडी घातली आणि परत बाहेर धरली. "आप्पा, उपरनं पडलं वाटतं तुमचं."

बायका फिसकन हसल्या. म्हातारा कसाबसा वर चढला. "माझी जागा हाय ती."

"जागा एसटीची हाय, आप्पा," वच्छलाबाई म्हणाली. "बूड माझं हाय."

हसू मागच्या बाकापर्यंत गेलं. मंजुळाबाई वच्छलाबाईच्या शेजारी बसली होती. ती हसली नाही. अकरा वर्षांनी पहिल्यांदा तिला छातीभर श्वास आला.

तेवढ्यात आप्पारावच्या मागून त्याची धाकटी सून चढली. मनिषा. एक हात दांडीला, एक हात पोटाखाली. ती येणार हे मंजुळाबाईला ठाऊक नव्हतं.

"मला न्हाई तर न्हाई," आप्पारावचा आवाज उतरला. "हिला तरी जागा द्या. दिवस भरत आलेत पोरीचे. तपासायला न्यायचीय."

सगळ्या बायका मंजुळाबाईकडं बघायला लागल्या. आणि मंजुळाबाईच्या मनात आलं: राहू दे हिलाही उभी. बघू दे ह्याला डोळ्यांनी. तो विचार तिनं झटकला नाही. पेढ्यासारखा जिभेवर घोळवला.

मागच्या बाकावरून दिपाली उठली. "इकडं ये. बस," ती मनिषाला म्हणाली, आणि स्वतः दांडी धरून उभी राहिली.

मंजुळाबाईनं ते बघितलं. तीच गाडी, तीच दांडी, तीच लेक. ह्याच्या घरापायी आजही हिनंच उभं राहायचं? ती ताडकन उठली, दिपालीला हाताला धरून आपल्या जागेवर बसवलं, आणि आप्पारावच्या पुढ्यात समोरासमोर उभी राहिली. इरशादनं घंटीची दोरी ओढली.

"दांडी नीट धरा, आप्पा," ती रोजच्या हळू आवाजात म्हणाली. "ह्या वळनाला लई झोका बसतो. माझ्या लेकीला बसला होता."

"कोन लेक?"

"ही बसली ती. सातवा महिना होता. ह्याच गाडीत तुमी तिला उठवलं होतं."

आप्पाराव दिपालीकडं बघत राहिला. गाडीनं गचका खाल्ला, त्यानं दांडी आवळली. "मला काय म्हाईत, बाई..."

"म्हाईत होतं. ती म्हनली होती, आप्पा, पोटात दुखायलंय. तुमी म्हनलात, बायांची नाटकं." ती एकही वाईट शब्द बोलली नाही. दर फाट्याला, दर थांब्याला ती सांगत गेली. इथं तिनं माझा हात दाबला. इथं तिला घाम सुटला. ह्या पुलावर ती म्हनली, आई, कायतरी व्हायलंय. सगळी गाडी ऐकत होती. मनिषानं पदर तोंडावर घेतला होता.

"चुकलं," शेवटी म्हातारा म्हणाला. "माफ कर."

"माफीचं देव बघंल. त्याचा नेम येगळा, माझा येगळा."

घाटसावळी आली. वच्छलाबाईला बहिणीला भेटायचं होतं, ती उतरली. खिडकीची जागा रिकामी झाली. आप्पाराव दोन्ही हातांनी बाकाचा कठडा धरून वळला, बसायला वाकला. त्याच्याआधी तिथं हिरवा रुमाल पडला.

"जागा धरली हाय, आप्पा."

"कुनासाठी? चढलं तर न्हाई कुनी."

"इथंच गेला तो," मंजुळाबाई म्हणाली. "इथंच चढंल."

म्हातारा वाकलेला तसाच राहिला. मग हळूहळू सरळ झाला.

तिनं कनवटीचे पैसे काढून इरशादपुढं धरले. "एक हाफ दे."

"तुमचं काढलंय ना, मावशी."

"हे पोराचं. अकरा वर्षाचा हाय."

इरशादनं रुमालाकडं बघितलं, दिपालीकडं बघितलं. मशीनमधून तिकीट काढून तिच्या हातात दिलं, आणि दोरी ओढली.

गाडी सुटली. आप्पारावच्या खांद्यावरचं उपरणं घसरून खाली पडलं, ते उचलायला कुणी वाकलं नाही, आणि त्याला वाकता येत नव्हतं. बीडपर्यंत तो उभा होता, आणि त्याची नजर त्या रुमालावरून हलली नाही.

दिपालीनं मात्र गाडी हलता हलता पाय आखडून घेतले होते. खिडकीशी कुणी बसायला जात असलं की वाट देतो, तसे.