कणकेचा गोळा

रूपलालजींचा उजवा हात अर्धांगवायूने गेला. त्यांचं मागणं एकच होतं: त्या हाताने भात खायचा. डाव्याने जेवताना कोणी आलं, की ते ताट सरकवून देत.

त्यांच्या मुलीने, रिंकीने, गोंदियातल्या सायबर कॅफेतून एक पान छापून आणलं. मऊ गोळा मुठीत दाबा, रोज शंभरदा. तसला गोळा इथे कुठे मिळणार? तिने कणीक भिजवली.

"म्हातारपणी मले कणीक मळाले लावलंस. उद्या पोळ्या लाटाले लावशील."

"तुमच्या हातची पोळी गाय तरी खाईल का?" आई तुलसा चुलीजवळून म्हणाली.

ते दोनशेदा दाबत. पोरीने शोधून आणलं होतं ना!

तीन महिन्यांनी दवाखान्यात अल्काताईंनी त्यांचा हात पाहिला. रोजची कामं पुन्हा शिकवणाऱ्या थेरपिस्ट त्या. बोटं तळव्यात रुतली होती. रिंकीने छापलेलं पान पुढे केलं.

"पान खोटं नाही. पण प्लास्टर काढल्यावर ज्यांचा हात कमजोर होतो, त्यांच्यासाठी आहे हे. यांची मूठ आधीच आवळलेली. दाबून आणखी घट्ट झाली."

मग त्यांनी रिंकीला कॉम्प्युटरसमोर बसवलं. पान कोणी लिहिलं, कोणासाठी लिहिलं, ते आधी कसं पाहायचं हे दाखवलं. दोघींनी मिळून दुसरं पान काढलं: पंजा उघडून टॉवेलने टेबल पुसायचं.

"काऊन रडून राहिली?" परतताना बाबा म्हणाले. "तुले का माहीत होतं?"

रोज टेबल पुसता पुसता अंगठा सुटला, मग दोन बोटं. हात ताटापर्यंत गेला. तोंडापर्यंत जायच्या आत दुसरा झटका आला, आणि बाबा गेले.

तेरवीनंतर रिंकी अल्काताईंनी दिलेले व्यायामाचे कागद परत करायला दवाखान्यात गेली. बाहेर बाकावर एक माणूस वाकड्या मुठीत रबरी चेंडू दाबत होता. शेजारी बायको मोजत होती, मांडीवर तेच पान.

रिंकी दारापर्यंत गेली. मागे फिरली.

"काकू, थांबवा ते. आधी मॅडमले दाखवा."

"काऊन? नेटवर लिहून आहे न!"

"आहे. मीबी तेच वाचून बाबांकडून तीन महिने करवून घेतलं. मूठ घट्ट झाली त्यांची."

बाईने नवऱ्याच्या मुठीतून चेंडू काढायला घेतला. बोटं एकेक करून उचलावी लागली.

आत जाऊन रिंकीने पिशवीतून आपलं जुनं पान काढलं. पेन मागितला. वर ठळक लिहिलं: आवळलेल्या मुठीसाठी नाही.

"हे बाहेर लावा, ताई."

पानाच्या कोपऱ्यात वाळलेली कणीक चिकटली होती. ती तिने खरवडली नाही.