गुंडाची चिलीम, लालाचा चिरूट

मित्रांनो, ज्या मातीचा माठ होतो, पणती होते, त्याच मातीची मी झाले. माठाला स्वयंपाकघरात मान, पणतीला देव्हाऱ्यात. मला मात्र पोरांच्या नजरेआड ठेवतात, आणि ते बरोबरच आहे. मी एक चिलीम आहे. जुनी, तळहातावर मावेल एवढी. धूर करणं हे माझं काम. पण माझी गोष्ट काही धुराची नाही, दोन सोबत्यांची आहे. म्हणून धीर करून सांगते.

कवठे महांकाळला राहीबाई नावाची कुंभारीण होती. माठ-घागरी तिचा नवरा घडवी, आणि उरलेल्या मातीच्या चिलमी राहीबाई हातानं वळी. वळता वळता गुणगुणायची,

तळ्याकाठची ही माती, माहेराला विसरली
आव्यामंदी भाजली गं, परघरी निघाली

मला ते माझंच लग्नगाणं वाटे. आव्यातून, म्हणजे कुंभाराच्या भट्टीतून, निघाले तेव्हा मी लालबुंद होते, आणि टिचकी मारली की खणकन वाजत होते. एका व्यापाऱ्याच्या गाडीतून, पेंढ्यात लपेटून, मी आष्ट्याच्या बाजाराला आले.

तिथं दोन जवान गडी माझ्यापुढे येऊन बसले. एकाचं नाव गुंडा, दुसऱ्याचं लालासाहेब. गुंडानं मला टिचकी मारून कानाशी धरलं. लालासाहेबानं माझ्यातून दुर्बिणीसारखं पलीकडे पाहिलं आणि म्हणाला, “घे रं. हिच्यातनं समदा बाजार दिसतोय.” अशी मी दोघांची झाले. राहायला गुंडाच्या चंचीत, तंबाखूच्या शेजारी.

दोघांचं रान एका बांधाला लागून. विहीरही सामाईक. दुपारी मोट सुटली, बैल सावलीला बसले, की हे दोघे बाभळीखाली टेकायचे. गुंडा माझ्यात खडा टाकायचा, तंबाखू भरायचा, वर गोवरीचा निखारा ठेवायचा. मग छापी, म्हणजे ओलं फडकं, पिळून माझ्या बुडाशी गुंडाळायचा. उजव्या हाताच्या बोटांत मला उभी धरायची, डाव्या हातानं माझ्याभोवती मूठ आवळायची, आणि त्या मुठीच्या फटीला तोंड लावून झुरका घ्यायचा. ओठ मला कधी लागू द्यायचा नाही. ओठ लागला की चिलीम उष्टी झाली, मग ती दुसऱ्याला कशी द्यायची? आमच्या मुलखाची ही रीतच आहे. चिलीम ओढणारा शेजाऱ्याची आठवण ठेवूनच ओढतो.

पहिला झुरका कुणाचा यावरून दोघांचं रोज भांडण व्हायचं आणि रोज मिटायचं. ते माझे सुखाचे दिवस होते.

मग लढाई लागली. लालासाहेब पलटणीत भरती झाला. आधी कुठं वाळवंटात होता म्हणे, मग इटलीत. इकडे गुंडा दुपारी एकटाच बाभळीखाली बसायचा. झुरका घ्यायचा आणि सवयीनं मला उजवीकडे पुढे करायचा. तिकडे नुसतं ऊन असायचं. मला तसंच धरून तो थोडा वेळ बसायचा, मग गुपचूप हात मागे घ्यायचा. मी मातीची खरी, पण त्या वेळी माझ्याही आत काही तरी हलायचं.

लढाई संपली आणि माघात, गुऱ्हाळं पेटलेली असताना, लालासाहेब परत आला. डावा हात कोपरापासून गेला होता. खाकी सदऱ्याची बाही दुमडून पिनेनं टाचलेली. सगळं गाव बघून गेलं. शेवटी गुंडाही गेला, म्हणाला, उद्या दुपारी बाभळीखाली ये. लालासाहेब हसला, हो म्हणाला, आणि आला नाही.

त्याच्या दुसऱ्या दिवशी गुंडानं बांधावरून हाक मारली. मला भरून, निखारा ठेवून, तो वाट बघत होता. लालासाहेब लांबूनच म्हणाला, “म्या तंबाकू सोडली, गड्या. तू वढ.”

गुंडाला ते पटलं. दवाखान्यात मनाई केली असेल, असं तो घरी बनुबाईला म्हणाला. बनुबाई म्हणजे त्याची बायको, घरात जिच्या शब्दाला वजन होतं ती. पण दोन-तीन दिवसांनी तो उसात पाणी बघायला गेला आणि विहिरीच्या अंगाला त्याला निळसर धूर दिसला. थारोळ्याच्या, म्हणजे मोटेचं पाणी पडतं त्या कुंडाच्या, कडेला लालासाहेब एकटाच बसला होता. बोटांत चांगला अंगठ्याएवढा जाड चिरूट, त्या चिरुटाच्या कमरेला सोनेरी कागदाचा पट्टा. मी चंचीतून डोकावत होते. खरं सांगते, त्या पट्ट्याकडे बघून माझी मला लाज वाटली. मी काळी, धुरकटलेली, आणि तो असा नटलेला.

गुंडा आल्या पावली मागे फिरला. घरी येऊन त्यानं मला चंचीतून काढलं आणि आढ्याच्या फटीत खोचलं.

“त्यो सायेब झालाय आता,” तो बनुबाईला म्हणाला. “मातीची चिलीम चालत न्हाई त्याला. तसं सांगायचं की मग. खोटं कशापायी बोलावं?”

आढ्यात अंधार होता, कोळ्याची जाळी होती. खाली गुंडा जेवायचा, झोपायचा, गुऱ्हाळावर जायचा, पण त्याचं बोलणंच आटलं होतं. काहिलीत रस उतू चालला तरी ध्यान नसायचं म्हणे. गुऱ्हाळावरची माणसं चेष्टा करायची, आणि हा परतून एक शब्द बोलायचा नाही. मी वरून बघत होते. माझ्यावरची धूळ मला डाचत नव्हती, त्याचं गप्प राहणं डाचत होतं.

शेवटी बनुबाईचाच धीर सुटला. तिनं काकवीची कासंडी भरली आणि त्याच्यापुढे ठेवली. पहिल्या काहिलीची काकवी बांधाच्या शेजाऱ्याला द्यायची असते, ती यंदा दिलेली नाही, असं तिनं बजावलं.

“मी न्हाई जायचा,” गुंडा म्हणाला.

“आवं, भांडायचं आसलं तर त्याच्या म्होरं जाऊन भांडा की. हितं चिलमीला फाशी दिऊन काय व्हणार?” असं म्हणत तिनं पाटावर चढून मला खाली काढलं, पदरानं पुसलं आणि त्याच्या चंचीत घातलं.

दिवस कलायला आला होता. लालासाहेब थारोळ्यापाशीच होता. शेजारी पलटणीतून आणलेल्या रमची अर्धी बाटली आणि पितळेचं फुलपात्र. गुंडानं कासंडी खाली ठेवली आणि परत निघाला. लालासाहेब म्हणाला, “बस की.” त्याच्या आवाजात असं काही होतं की भांडायला आलेला माणूस खाली बसला.

फुलपात्र एकच, त्यामुळे आळीपाळीनं घेतलं. गुंडानं एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं, मग जीभ टाळूला लावून विचार करत राहिला. काकवीचा वास कसा येतोय, असं त्यानं विचारलं. लालासाहेबानं सांगितलं की ही उसाचीच असते.

“मंग आपलाच ऊस पलटणीत भरती झाला म्हण की,” गुंडा म्हणाला. “आन् भरती हून लय कडू झालाय.”

लालासाहेबानं शेजारच्या डब्यातून एक चिरूट काढून गुंडापुढे धरला. काडीपेटी गुडघ्यांत दाबून, एका हातानं काडी ओढून पेटवूनही दिला. आता बघा, आमच्या माणसानं काय केलं. हातात धुराची वस्तू आली, तसं त्यानं सवयीनं माझी छापी काढली, थारोळ्यातल्या पाण्यात बुचकळली, पिळली आणि त्या नटव्या चिरुटाच्या बुडाला गुंडाळली. मग चिरूट उभा धरला, दोन्ही हातांची मूठ वळली, ओठ लागू न देता छाती भरून झुरका ओढला.

डोळ्यांतून पाणी आलं. खोकून खोकून तो आडवा झाला. तोवर चिरूट भिजून त्याची पानं सुटली होती, आणि सोनेरी पट्टा छापीला चिकटला होता.

लालासाहेब हसायला लागला. पोट धरून हसला, झाडावरचे बगळे उडून गेले. गावात आल्यापासून त्याला असं हसताना कुणी पाहिलं नव्हतं. “आरं येड्या, त्याला छापी लावत न्हाईत. त्यो एकट्यानंच वढायचा आसतो. त्याला ना मूठ लागतीया, ना शेजारी.”

“मंग त्यात चव ती काय?” गुंडा खोकत म्हणाला, आणि त्यानं मला चंचीतून काढलं. खडा टाकला, भरलं, पेटवलं, आणि जुन्या सवयीनं उजवीकडे पुढे केलं.

लालासाहेबानं मला उजव्या हातात घेतलं. बोटांत नीट उभं धरलं. आणि मूठ वळायला त्याचा डावा खांदा पुढे आला. दुमडलेली रिकामी बाही हलली, अर्ध्या वाटेत थांबली.

गुंडाच्या चेहऱ्यावरचं हसू विरलं. हात गेलाय हे त्याला रोज दिसत होतं. पण चिलमीला दोन हात लागतात हे त्याच्या ध्यानातच नव्हतं. श्वास घेताना कुणी नाकपुड्या मोजतो का?

“म्हून सोडली म्हणालास?” त्यानं विचारलं.

लालासाहेब खाली बघत राहिला. “दुसऱ्याच्या मुठीनं वढायची, म्हंजे अंथरुणाला खिळलेला म्हातारा. तुज्याम्होरं तसं बसायचं जिवावर आलं, गुंडा. समद्या जगाम्होरं बसीन, तुज्याम्होरं न्हाई.”

लालासाहेबाला भरवून घेणं नको होतं, हे गुंडाला कळलं. तो सरकून लालासाहेबाच्या डाव्या अंगाला, अगदी खांद्याला खांदा लावून बसला. लालासाहेबाच्या उजव्या हातात मी होतेच. गुंडानं आपला डावा हात पुढे केला आणि त्या हाताभोवती आवळला. एक मूठ झाली. तिच्यात एक हात याचा, एक त्याचा. लालासाहेबानं फटीला तोंड लावलं. निखारा फुलला. मग त्याच मुठीला गुंडानं तोंड लावलं.

“पयला झुरका माजा हुता,” गुंडा थोड्या वेळानं म्हणाला.

“व्हय, तुजा बा ठिवून गेलाय,” लालासाहेब म्हणाला, आणि दोघे मावळतीपर्यंत भांडत बसले.

मित्रांनो, मी पुष्कळ मुठी पाहिल्या. तशी ऊब मला दुसऱ्या कुठल्या मुठीत मिळाली नाही. आता माझ्या कडेला चीर गेली आहे, आणि मी खिडकीत पडून असते. मला हाती धरू नका, धुराच्या वाटेला जाऊ नका. त्या धुरानं पुढे दोघांची छातीही पोखरली, हेही मी लपवत नाही. पण मातीच्या या म्हातारीचं एवढं ऐका. तुमचा सोबती ‘नको’ म्हणाला, तर रुसून त्याला आढ्यात खोचू नका. त्याच्याजवळ जाऊन बसा. त्याला काय कमी पडतंय ते तो सांगणार नाही. तुम्हालाच बघावं लागेल. आणि दिसलं की भरवायला जाऊ नका, नुसता आपला एक हात त्याच्या हातापाशी न्या.