धोंडीबाच्या पणजोबांचा वाघ

पंच्याण्णव साली कोरेगावात आम्ही काही पेन्शनर दर रविवारी देवळात बसून लोकांचे जुने मोडी कागद देवनागरीत उतरवून द्यायचो. अगदी फुकट. त्यांना त्यांचं घराणं सापडायचं आणि आमच्या घरच्यांना चार तास शांतता.

एकदा धोंडीबा जगदाळे पणजोबांचा कागद घेऊन आला. नव्या बंगल्याची वास्तुशांत परवावर आली होती आणि दारावरच्या दगडात 'सरदार रावजी जगदाळे यांचे घराणे' असं कोरूनही झालं होतं. आता फक्त पुरावा हवा होता.

मी कागद वाचला. रावजींनी सरकारकडे नवं धोतर मागितलं होतं. जुनं धोतर विहिरीत, आत पडलेल्या वाघाच्या सोबतीनं रात्र काढताना फाटलं होतं.

"आवं आबा, ह्यो वाघ तर तुमचाच हाय!" धोंडीबा उसळला. "मागल्या शिमग्याला गोष्ट सांगताना तुमच्या विहिरीत पाडला व्हता न्हवं? आता माझ्या पणज्याच्या अंगावर कशाला सोडताय?"

मी देवाची शपथ घेतली. सगळं देऊळ हसलं.

मग कागद आमच्यातल्याच गंगाधरपंतांपुढे गेला. पंत म्हणजे जन्मात खोटं न बोललेला माणूस. त्यांनी तो शेवटपर्यंत वाचला, धोंडीबाच्या रडवेल्या तोंडाकडे पाहिलं आणि गंभीरपणे म्हणाले, "सरदारच होते. हत्तीवरून फिरायचे."

"बगा आबा, मोडी अशी वाचत्यात!" धोंडीबा मला म्हणाला.

मी कागदाची घडी घालून त्याच्या हातात दिली. उभा जन्म थापा मारण्यात गेला माझा, पण ऐन वेळी हत्ती काही मला सुचला नसता.