हात नसलेली खुर्ची

लाकडी फर्निचरचे आराखडे करणाऱ्या त्या माणसाला मित्र 'वजाबाकी' म्हणायचे आणि त्याला ते कौतुकच वाटायचं. वस्तूतून काढता येईल ते काढत जायचं, काढण्यासारखं काही उरलं नाही की डिझाइन पूर्ण, हे त्याचं तत्त्व. येईल त्याला तो ते ऐकवायचा. ऐकणारे ताठ बसून ऐकायचे, कारण त्याच्या घरात पाठ टेकायची सोयच नव्हती.

घर मात्र देखणं होतं. फिकट लाकडाचं लांब बाक, जमिनीपासून वीतभर उंचीचा पलंग, आणि कपाटं अशी की दार कुठून उघडतं ते पाहुण्यांना चाचपून शोधावं लागे. बायको शाळेत शिकवायची. लग्नानंतर तिनंही मोठ्या हौसेनं आपल्या उशा वाटून टाकल्या होत्या.

मग तिला दिवस गेले. पोट वाढलं तसं त्या पलंगावरून उठणं म्हणजे आधी कुशीवर वळा, मग गुडघे टेका, मग कपाटाला धरा. आणि कपाटाला तर मूठच नव्हती.

"मला एक खुर्ची करून दे," ती म्हणाली. "पाठ असलेली, हात असलेली. बाळाला घेऊन निवांत बसता येईल अशी."

तो लगेच कामाला लागला. पहिला आराखडा खरोखर सुरेख होता. रुंद बैठक, किंचित मागे कललेली पाठ, कोपर टेकायला हात. पाहून तिला भरून आलं.

"अश्शीच कर. आता यात काही बदलू नकोस."

पण त्याला राहवेना. आधी गादी गेली, कारण गादी म्हणजे म्हणे लाकडावरचा अविश्वास. मग खुर्चीचे हात गेले.

"आईला स्वतःचे दोन हात असतातच की," त्यानं समजावलं.

"त्यात बाळ असतं."

त्यानं समजल्यासारखी मान डोलावली आणि पाठ काढायला घेतली.

बाळ जन्मलं तोवर खुर्चीचं तीन पायांचं स्टूल झालं होतं. मदतीला आलेल्या सासूबाईंनी ते चहूबाजूंनी न्याहाळलं.

"जावईबापू, बाकीची खुर्ची कधी येणार?"

"एवढीच आहे, आई. पूर्ण झाली."

सासूबाईंनी आपल्या घरी फोन लावला. दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरचा जुना सोफा टेम्पोतून दारात उतरला. भल्यामोठ्या फुलांच्या कापडाचा, मधे खोलगट झालेला. लेक बाळाला घेऊन त्यात बसली आणि बसल्या बसल्या तिचा डोळा लागला. निदान वर पांढरी चादर तरी घालू या, असं वजाबाकीनं दबक्या आवाजात सुचवलं.

"बाळ प्यालेलं दूध बाहेर काढतं," सासूबाई म्हणाल्या. "फुलांत दिसत नाही."

त्यानं स्टुलाचं नाव 'आई' ठेवलं आणि ते स्पर्धेला पाठवलं. पहिलं बक्षीस मिळालं. मातृत्वातलं सगळं अनावश्यक या रचनेनं गाळून टाकलं आहे, असं परीक्षकांचं मत पडलं. समारंभात फोटोसाठी बायकोला बाळासकट मंचावर बोलावून स्टुलावर बसवलं गेलं.

"रोज यावर बसून बाळाला पाजताना काय वाटतं?" निवेदिकेनं लाडिकपणे विचारलं.

"काय सांगू? मी आजच पहिल्यांदा बसतेय."

सभागृहात हशा पिकला. नवराही मनापासून हसला. तिनं विनोदच केला असं त्यालाही वाटतंय, हे तिच्या लक्षात आलं आणि इतके महिने गिळलेला राग एकदम वर आला. ती उठली, त्याला खांद्याला धरून स्टुलावर बसवलं आणि बाळ त्याच्या मांडीवर दिलं.

"तू बस. इथूनच भाषण कर."

त्यानं सुरुवात तर झोकात केली. पण बाळ एका बाजूला घसरू लागलं. सावरायला तो वाकला तर माईक दूर राहिला, माईककडे वळला तर बाळ घसरलं. मागे रेलायला गेला आणि मागे काहीच नसल्याचं ऐनवेळी आठवून कसाबसा थांबला. तेवढ्यात बाळानं भोकाड पसरलं. आभार मानून त्यानं भाषण आटोपतं घेतलं. इतकं थोडक्यात तो आयुष्यात बोलला नव्हता. लोकांनी त्याचंही कौतुक केलं.

'आई'ला मागणी चांगली आली. बहुतेकांनी त्यावर कुंडी ठेवली. घरातल्या सोफ्याचा विषय त्यानं पुन्हा काढला नाही. सध्या तो पाळण्याच्या आराखड्यात गढला आहे. बायकोनं त्याला एवढंच बजावलंय की, काय हवं ते काढ, बाळापुरती जागा तेवढी राहू दे.