रंगाखालचा साक्षीदार

मी बाल्कनी बोलतेय; पण मान वर करून मला शोधू नका. फुटपाथवर विटा, सिमेंट आणि गंजलेल्या सळ्यांचा ढीग दिसतोय ना, तीच मी. ढीग उचलायला ट्रक यायचाय, तोवर बोलून घेते.

हवानात, समुद्रापासून चौथ्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर माझा जन्म झाला. एका तंबाखूच्या व्यापाऱ्याने मला हौसेने बांधून घेतलं, वेलबुट्टीचा कठडा लावला. गवंड्यांनी वाळू मात्र किनाऱ्यावरची आणली. तिच्यातलं, सळ्यांना गंज चढवणारं मीठ माझ्या पोटात पहिल्या दिवसापासून होतं, म्हणजे दुखणं मी जन्मतःच घेऊन आले. पुढे व्यापारी देश सोडून गेला, घराच्या वाटण्या झाल्या आणि माझ्या वाट्याला झोराइदा आली.

आली तेव्हा ती बावीस वर्षांची होती. आता अठ्ठ्याहत्तरची आहे. तिचा निम्मा संसार माझ्यावरच झाला. कपडे वाळत घातले, मुलाला, ओस्मेलला, मांडीवर घेऊन भरवलं, समोरच्या बाल्कनीतल्या बाईशी कडाकडा भांडली आणि संध्याकाळी तिलाच हाक मारून लसूण मागितला.

सकाळी एवारिस्तो रेशनचा पाव घेऊन यायचा. त्याचे गुडघे गेलेले, जिना चढवत नसे. मग झोराइदा दोरीने टोपली खाली सोडायची, तो पाव ठेवायचा, ती ओढून घ्यायची आणि त्याच टोपलीतून कपभर कॉफी खाली पाठवायची. तो उभ्या उभ्या प्यायचा.

"साखर कमी झाली, झोराइदा. प्रेम आटलं वाटतं?"

"प्रेम नाही, रेशन आटलंय. गप पी."

वीस वर्षं हेच बोलणं. मला त्याचा कंटाळा कधी आला नाही.

एकदा माझ्या पोटाचा एक पोपडा रस्त्यावर पडला, तेव्हा तपासणीला नेरेइदा नावाची इंजिनिअर आली. तिने मला हातोडीने ठोकून पाहिलं. मी बद्द वाजले. तिचा चेहरा उतरला. तिने माझ्यावरची पाण्याची टाकी काढायला लावली, माझ्यावर कुणी पाऊल ठेवायचं नाही असं बजावलं आणि लाकडी टेकू मिळावेत म्हणून सरकारी यादीत नाव घातलं; ते टेकू कधी आलेच नाहीत. मग मी भिंतीला जिथे जोडलेली, तिथल्या भेगेवर आडवी, बोटभर रुंद प्लास्टरची पट्टी लावली आणि खिळ्याने तारीख कोरली.

"आजी, हिला आम्ही साक्षीदार म्हणतो," ती म्हणाली. "भेग हलली की ही तडकते. दर रविवारी बघायचं. तडकली तर दार बंद करायचं, खालचा रस्ता अडवायचा आणि मला फोन करायचा."

झोराइदाने ते देवाच्या कामासारखं मनावर घेतलं. रविवारी चष्मा लावून, चौकट धरून ती उंबऱ्यात गुडघे टेकायची आणि पट्टीवरून बोट फिरवायची. "शाबूत आहे," असं मोठ्याने म्हणायची, मला ऐकू जावं असं.

मग ओस्मेलच्या मुलीला, लिआनिसला, पंधरावं लागलं. आमच्याकडे मुलीचं पंधरावं म्हणजे लग्नाआधीचं लग्नच. फोटोवाल्याला माझा कठडा फार आवडला. ओस्मेलने कुठूनसा पिवळा तैलरंग मिळवला आणि सगळं रंगवायला घेतलं.

"ती पट्टी सोड, बाळा," झोराइदा म्हणाली. "बाईने सांगितलंय."

"आई, फोटोत ती मलमपट्टीसारखी दिसेल. फोटो झाले की मी स्वतः खरवडून काढतो. शब्द देतो तुला."

त्याने पट्टीवरूनही रंगाचे दोन हात दिले. फोटोच्या दिवशी माझ्यावर पाच जण उभे राहिले. मी कशी तग धरली ते माझं मला माहीत. लिआनिस निळ्या झग्यात इतकी सुंदर दिसत होती की माझाही ऊर भरून आला. महिन्याभरात त्यांचे परदेशचे कागद आले, बापलेक विमानात बसले, आणि ओस्मेलचा शब्द रंगाखाली राहून गेला.

पाच माणसांनी काही झालं नाही, मग आपल्या एकटीने काय होणार, असं म्हणून झोराइदा पुन्हा माझ्यावर येऊ लागली. रविवारची पाहणी तिने चुकवली नाही. बोट गुळगुळीत पिवळ्या रंगावरून फिरायचं. "शाबूत आहे." नेरेइदाने फोनवर विचारलं, तिलाही तिने तेच सांगितलं.

तिसऱ्या महिन्यात आत पट्टी तडकली. मला कळलं. पण तैलरंग चिवट, दुधावरच्या सायीसारखा. तो ताणला गेला, फाटला नाही. मी काय करणार? माझ्याजवळ बोलायला पोपडेच होते. मी ते टाकत राहिले आणि झोराइदा मला झाडत राहिली.

गेल्या गुरुवारी, दोन दिवसांच्या पावसानंतर कडक ऊन पडलं आणि माझा धीर सुटला. झोराइदा माझ्यावर उभी राहून पावाची टोपली ओढत होती. हिला आत जाऊ दे, एवढंच मी मागत होते. "थांब रे, कॉफी ओतते," असं म्हणून ती वळली. तिच्या सपाता स्वयंपाकघरापर्यंत वाजत गेल्या. मी सुटकेचा श्वास घेतला आणि अंग सोडून दिलं.

आयुष्यभर मला फक्त माझ्यावर कोण आहे तेवढंच कळत आलं. थेट पोटाखालचं मला दिसत नाही. एवारिस्तो ऊन चुकवून, कॉफीची वाट बघत, माझ्याच सावलीत उभा होता. त्याला बाहेर काढलं तेव्हा तो गेलेला होता.

तिसऱ्या दिवशी नेरेइदा आली आणि ढिगात हात घालून शोधत बसली. पट्टीचा अर्धा तुकडा तिला सापडला. झोराइदा जिना उतरून तिच्यापाशी आली.

"मी दर रविवारी बघत होते, पोरी."

"ताजी तुटलेली कड पांढरी असते, आजी." नेरेइदाने तुकडा तिच्या हातात ठेवला. कड गंजाच्या पाण्याने तांबूस झालेली. "ही कधीचीच तुटलीय."

झोराइदाने नखाने रंग खरवडला. पिवळ्या सालीखालून नेरेइदाने कोरलेली तारीख वर आली.

"मी रंग बघत होते," ती म्हणाली, आणि ढिगाऱ्यावर, माझ्यावरच, मटकन बसली. छप्पन्न वर्षं ते वजन माझ्या ओळखीचं. त्या दिवशी ते मला पेलवेना.

आता मी खाली आहे, तर समोरच्या बाल्कनीचं पोट मला पहिल्यांदाच दिसतंय. सळ्या उघड्या पडल्यात, गंजून फुगल्यात. वर झगझगीत निळा रंग आहे. आज सकाळी नवा पाववाला आला. निळ्या कठड्यावरून टोपली खाली सोडली गेली, आणि तो कपाळाचा घाम पुसत त्या बाल्कनीच्या सावलीत सरकला.

अहो पाववाले, तुम्ही तरी ऐका. थोडं उन्हात उभे राहा.